धवल्याची चाल आणि मुक्तस्रोत स्वरलेखन

महदंबेचे धवळे तेराव्या शतकातले. त्यांचे शब्द मराठीच्या अभ्यासकास उपलब्ध आहेत. ते कोणत्या चालीवर म्हटले गेले, हे मात्र त्या शब्दांवरून कळत नाही. चाल लिहिण्याची विद्या त्या काळी नव्हती असे नव्हे. त्याच शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त स्वराक्षरांनी गीते लिहून दाखविली आहेत. विद्या होती, ती लग्नमंडपापर्यंत पोहोचली नाही, इतकेच.

आगरी समाजात लग्नविधीच्या वेळी धवला गाणारी धवलारीण अंबरनाथ-बदलापूरच्या परिसरातील अभ्यासकास दूरची नाही. परंतु तिचे गाणे टिपून घेणारा विद्यार्थी बहुधा शब्द तेवढे वहीत उतरवितो आणि चाल ध्वनिमुद्रणाच्या हवाली करतो. ध्वनिमुद्रण आवश्यकच आहे. पण दोन गावांतील चाली ओळीशी ओळ लावून ताडून पाहावयाच्या असतील, तर त्या लिहाव्याच लागतात. त्यासाठी लागणारी संगणकीय साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. नवा अभ्यासक त्यांच्यापाशी अडखळतो तो यंत्राच्या अज्ञानामुळे कमी. लेखनाविषयीचे निर्णय आधी न घेतल्यामुळे अधिक.

अशा साधनांपैकी दोन प्रमुख होत. ‘लिलीपाँड’ची सुरुवात १९९६ साली नेदरलँड्समध्ये झाली, ‘म्यूझस्कोअर’ची वर्नर श्वेअर यांनी २००२ साली केली. दोन्ही मुक्तस्रोत आहेत, म्हणजे त्यांची घडण कोणासही तपासता येते व बदलता येते. म्यूझस्कोअरमध्ये पाच रेघांवर स्वर डोळ्यांसमोर मांडत जावयाचे असते: ‘एन’ ही कळ दाबली की स्वरलेखन सुरू होते, अंकाने कालमान ठरते, अक्षराने स्वर. पहिल्या दिवशी हेच सोपे. संग्रह करावयाचा असेल तर मात्र लिलीपाँड श्रेयस्कर, कारण तेथे गीत साध्या मजकुराच्या रूपात राहते आणि तो मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येतो.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास लिलीपाँडचे लेखन परके वाटू नये. त्यातील प्रत्येक स्वर हे एक पद आहे. ‘सी’ला षड्ज मानले तर ‘ई’ हा शुद्ध गंधार. त्या प्रकृतीस ‘एस’ हा प्रत्यय लागला की गंधार कोमल होतो. ‘एफ’ला ‘इस’ लागला की मध्यम तीव्र. ही नावे डच पद्धतीची आहेत, आणि डचमध्ये ‘ई’ व ‘एस’ यांचा जणू संधी होऊन नुसते ‘एस’ उरते. लिलीपाँडला दोन्ही रूपे चालतात. प्रत्ययानंतर सप्तकाची खूण, शेवटी कालमानाचा अंक. हा क्रम बदलता येत नाही. तो एकदा अंगवळणी पडला की निम्मे काम झाले.

पुढचा प्रश्न षड्जाचा. धवलारीण काळी चारमध्ये गायली की पांढरी चारमध्ये, याची नोंद शीर्षकाशी करावी व चाल मात्र ‘सी’ षड्ज धरूनच लिहावी. अन्यथा तुलना दुष्कर होते. मूळ पट्टीत ऐकावयाचे झाल्यास स्थलांतराचे काम यंत्र करते.

त्याहून फसवी गोष्ट तालाची. काही न सांगितल्यास लिलीपाँड दर चार मात्रांनंतर उभी रेघ ओढते. गाणे तसे बांधलेले नसेल तर ती रेघ खोटी असते, आणि छापील पानावरची खोटी गोष्टही खरी दिसू लागते. मुक्त लयीसाठी ‘कडेंझा’ ही आज्ञा आहे. ती आरंभीच द्यावी. चार्ल्स सीगर यांनी १९५८ साली विधायक आणि वर्णनात्मक अशा दोन स्वरलेखनांत जो भेद केला तो येथे उपयोगी पडतो: शिकविण्यासाठी लिहिलेली चीज निराळी, गायिलेले जसेच्या तसे टिपणे निराळे.

शब्दांच्या ओळीत तर भाषाशास्त्र थेट शिरते. दर स्वराखाली एक अवयव द्यावा लागतो. ‘घर’ हा शब्द बोलण्यात एकावयवी आहे. गाण्यात अंत्य अकार उच्चारला गेला तर तो दोन अवयवांचा होतो. ‘कृष्ण’ लिहिताना ‘कृ’ आणि ‘ष्ण’ असा तुटतो, गळ्यातून मात्र ‘कृष्’ आणि ‘ण’ असा येतो. लिपीचे अक्षर मानावे की उच्चाराचा अवयव, हे पहिल्या पानावर ठरवून संग्रहभर तेच पाळावे. उल्हासनगरात सिंधी भजने टिपणाऱ्यापुढे आणखी एक अडचण उभी राहते. सिंधी भाषा अरबी व देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. स्वर डावीकडून उजवीकडे धावतात आणि अरबी लिपी उजवीकडून डावीकडे. म्हणून स्वरांखाली देवनागरी देऊन संपूर्ण पाठ अरबी लिपीत स्वतंत्र छापणे हाच मार्ग सोयीचा ठरतो.

पाच रेघांऐवजी सारेगम लिहू पाहणाऱ्याने पद्धतीचे नाव प्रथम नोंदवावे. स्वरावरचा बिंदू भातखंडे पद्धतीत तार सप्तक दाखवितो, पलुस्कर पद्धतीत मंद्र. एकच चिन्ह, अर्थ उलट! भातखंड्यांची कोमलाची आडवी रेघ व तीव्राची उभी रेघ युनिकोडमधील वैदिक स्वरचिन्हांनी साधता येते: ग॒, म॑. तार षड्ज ‘सां’ असा टंकित करण्याची रीत मात्र टाळावी. संगणक त्या बिंदूस अनुस्वारच समजतो, आणि पुढे शोध घेताना स्वर व शब्द यांची सरमिसळ होते.

आरंभ एका ओळीपासून करावा. मजकुरात ‘मिडी’ची आज्ञा घातली की लिलीपाँड पानाबरोबर ध्वनीची फाईलही देते, ‘लेआउट’ची आज्ञा सोबत नसेल तर पान मिळत नाही, येथे पुष्कळांची फसगत होते. ती फाईल मूळ ध्वनिमुद्रणाशेजारी ठेवून ऐकावी आणि जेथे कान अडेल तेथे दुरुस्ती करावी. मग ती ओळ, शक्य असेल तर, गाणारणीलाच ऐकवावी.