पक्षाच्या नावातला धर्म

‘धर्माच्या नावानं पक्ष काढायला कायद्यात बंदी आहे’, हे वाक्य निवडणूक आली की सिहोरा-तुमसरकडच्या पानठेल्यावर हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात अशा नावांना थेट मनाई नाही. १९९४ मध्ये तसं विधेयक आलं आणि संमत न होताच बारगळलं. पुढे २००५ मध्ये निवडणूक आयोगानं धर्मसूचक नावाच्या नव्या पक्षांना नोंदणी न देण्याचं ठरवलं. हिंदू महासभा, इंडियन युनियन मुस्लिम लीग, एमआयएम हे जुने पक्ष मात्र नावासकट राहिले. १९८९ पासून नोंदणी हवी असेल, तर धर्मनिरपेक्षतेवर निष्ठा लिहून द्यावी लागते, मग नाव काहीही असो.

दुसरा समज भंडारा जिल्ह्याला अधिक जवळचा: रिपब्लिकन पक्ष म्हणजे बौद्धांचा पक्ष. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये काढलेल्या पहिल्या पक्षाच्या नावात मजूर होता. १९४२ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या नावात जातिसमूह आला. त्याच फेडरेशनतर्फे ते १९५४ ची भंडारा लोकसभा पोटनिवडणूक लढले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. एका समूहाच्या बळावर लोकसभा गाठता येत नाही, हे त्याआधी १९५२ मध्ये मुंबईतल्या त्यांच्या पराभवातही दिसलं होतं. सर्वांना खुला असा नवा पक्ष त्यांनी योजला. १४ ऑक्टोबर १९५६ ला बौद्ध धम्माची दीक्षा झाली, ६ डिसेंबरला ते गेले आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. धर्मांतराची लाट ताजी होती. नावात ‘बौद्ध’ घालण्याचा मोह व्हावा असाच तो काळ. तरी नाव निवडलं गेलं ते प्रजासत्ताकाचं, आणि उद्दिष्टं घेतली संविधानाच्या प्रास्ताविकेतली: न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. मतदार बहुतांशी बौद्धच राहिला, हेही खरं. पण त्याचा जाब गटबाजीला आणि इतर समाजांच्या पाठ फिरवण्याला विचारावा, नावाला नव्हे.

आणि नावात धर्म नसला की पक्ष सुटला, असंही नाही. शिवसेना १९६६ मध्ये मराठी माणसाच्या प्रश्नावर निघाली. तिच्या नावातला शिव म्हणजे शिवाजी महाराज. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत प्रचार हिंदुत्वावर झाला, शिवसेनेचे विजयी उमेदवार रमेश प्रभूंची निवड रद्द ठरली आणि बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. नडला तो प्रचार. गंमत अशी की, ११ डिसेंबर १९९५ ला ज्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं प्रभूंविरुद्धचा निकाल कायम केला, त्याच दिवशी शिवसेनेच्याच मनोहर जोशींची निवड वैध ठरवली. पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल, हे त्यांचं विधान न्यायालयाला निव्वळ आशा वाटली. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांनी ४ विरुद्ध ३ अशा मतांनी मतदाराच्या धर्माच्या नावानं मत मागणंही भ्रष्ट आचरण ठरवलं. १९९५ च्या हिंदुत्वविषयक निकालाला मात्र हात लावला नाही.