भावामागचे हात शोधणारी नोकरी

बाजार समितीच्या आवारात कांद्याची गाडी उभी करून लिलावाची वाट पाहताना एक प्रश्न तुमच्या मनात कधी ना कधी आला असेल. व्यापारी तर वीस-पंचवीस फिरताहेत, मग बोली बोलणारे दोघे-तिघेच का? आणि घर बांधायला काढले की सगळ्या दुकानांत सिमेंटच्या गोणीचा भाव एकाच आठवड्यात सारखा कसा चढतो? हे आधीच आपसांत ठरलेले तर नाही ना?

शंका घेणे सोपे असते. ती खरी की खोटी हे दाखवणे मात्र फार अवघड. ही शंका आकड्यांनी आणि कायद्याने तपासून पाहणे हेच ज्यांचे रोजचे काम आहे, अशी माणसे देशोदेशीच्या विद्यापीठांत आहेत. त्यांच्या हाताखाली नुकतीच पदवी घेतलेली मुले-मुली पगारावर संशोधन सहायक म्हणून काम करतात. आज खेड्यांतल्या कितीतरी घरांत अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा कायदा शिकणारी मुले आहेत. "मास्तरकी आणि सरकारी परीक्षा सोडून यात पुढे काय?" असे घरची मंडळी विचारतात. त्यांच्यासाठी या नोकरीची माहिती येथे देत आहोत.

हा विषय आला कुठून?

या विषयाची मुळे शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यातच आहेत. अमेरिकेत सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी रेल्वे, तेल, साखर आणि मांस यांचा व्यापार थोड्या बड्या कंपन्यांच्या हाती गेला. अशा कंपन्यांच्या एकत्रित गटाला तिकडे 'ट्रस्ट' म्हणत. मालाची ने-आण करायला एकच रेल्वे, आणि जनावरे विकत घेणारे ठरलेले चार-पाच जण. शेतकरी ओरडू लागले. १८९० साली तेथे शर्मन कायदा झाला आणि मक्तेदारीविरोधी कायद्याचे 'ॲन्टिट्रस्ट' हे नाव रूढ झाले. पुढे पाच बड्या मांस कंपन्यांची सरकारी चौकशी झाली आणि १९२१ साली जनावरांच्या बाजारासाठी वेगळा कायदा करावा लागला.

आपल्याकडेही एके काळी रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत आणि माल ज्याचा त्यालाच भाव कळत नसे. बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघडा लिलाव आणला. उद्योगधंद्यांतील मक्तेदारीसाठी १९६९ साली एक कायदा झाला. त्याची जागा पुढे २००२ च्या स्पर्धा कायद्याने घेतली. त्याखाली नेमलेला भारतीय स्पर्धा आयोग २००९ पासून प्रत्यक्ष प्रकरणे हाताळू लागला. आयोग मुख्यतः तीन गोष्टी पाहतो. व्यापाऱ्यांनी संगनमत केले का, बाजारात वरचढ असलेल्याने आपल्या ताकदीचा गैरवापर केला का, आणि दोन कंपन्या एक झाल्याने गिऱ्हाइकाचे किंवा माल विकणाऱ्याचे नुकसान होईल का.

दोन आण्यांची गोष्ट

आकडे चोरी कशी पकडतात, याचा एक नामांकित दाखला सांगतो. अमेरिकेत 'नॅसडॅक' नावाचा शेअरबाजार आहे. तेथील दलाल एका भावाने शेअर घेत आणि थोड्या चढ्या भावाने विकत. मधला फरक ती त्यांची कमाई. त्या काळी डॉलरचे आठ भाग करून भाव सांगत. आपल्या जुन्या रुपयाच्या भाषेत म्हणायचे तर दोन आणे, चार आणे, सहा आणे, आठ आणे असे.

विल्यम ख्रिस्ती आणि पॉल शुल्झ या दोन प्राध्यापकांनी १९९१ सालचे भाव तपासले. सर्वांत जास्त उलाढालीच्या शंभर शेअरांपैकी सत्तर शेअरांच्या भावात दोन, सहा, दहा आणि चौदा आणे जवळजवळ कधी येतच नव्हते! सगळे दलाल चार, आठ आणि बारा आण्यांवरच थांबत. याचा अर्थ असा, की खरेदी-विक्रीच्या भावातला फरक चार आण्यांखाली उतरतच नव्हता. इतक्या दलालांपैकी एकालाही कधी दोन आणे कमी करून गिऱ्हाईक ओढावेसे वाटू नये?

१९९४ च्या मे महिन्यात ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली, आणि लगेच काही मोठ्या शेअरांचे हरवलेले दोन आणे परत दिसू लागले. पुढे सरकारी चौकशी झाली, दावे झाले, आणि दलाल कंपन्यांनी सुमारे १०० कोटी डॉलर भरून तडजोड केली. सुरुवात झाली होती ती कोणाच्या चुगलीने नव्हे, तर भावांची यादी नीट वाचण्याने.

कोंबडीवाल्यांचे गाऱ्हाणे

दुसरा दाखला एका मुलीचा. लीना खान पदवी घेऊन बाहेर पडली आणि वॉशिंग्टनमधील एका संशोधन संस्थेत सहायक म्हणून लागली. कोणत्या धंद्यात किती कंपन्या उरल्या आणि त्याचा लहान माणसावर काय परिणाम झाला, हे शोधणे तिचे काम. करारावर कोंबड्या पाळणाऱ्या अमेरिकन शेतकऱ्यांवर तिने २०१२ साली लेख लिहिला. तेथे पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीचे; शेड शेतकऱ्याची, तीही कर्ज काढून उभारलेली. एका भागात कंपनी एक नाहीतर दोन. शेतकऱ्याला मिळणारा पैसा शेजारच्या शेतकऱ्यांशी तुलना करून ठरतो, पण पिल्ले आणि खाद्य कसे मिळेल हे त्याच्या हाती नाही. तक्रार करावी तर पुढची बॅच मिळेल की नाही ही धास्ती. आपल्याकडे करारावर पोल्ट्री चालवणाऱ्या वाचकांना यातले पुष्कळ ओळखीचे वाटेल.

पुढे ती येल विद्यापीठात कायदा शिकायला गेली. तेथे विद्यार्थिनी असतानाच ॲमेझॉन कंपनीच्या बाजारातील ताकदीवर तिने लिहिलेला प्रबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला आणि गाजला. २०२१ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ती अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची अध्यक्ष झाली आणि २०२५ च्या जानेवारीपर्यंत तिने ते पद सांभाळले. तिची सगळीच मते सर्वांना पटली असे नाही, वाद पुष्कळ झाले. पण सुरुवातीच्या साध्या नोकरीत केलेली पायपीट माणसाला कुठवर नेते, हे त्यातून दिसते. सगळ्यांच्याच वाट्याला इतके मोठे पद येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दिवसभर काम काय असते?

ही नोकरी बाहेरून मोठी वाटते, आतून ती निवड-टिपणाची आहे. धान्यातले खडे वेचावेत तसे आकड्यांतले खडे वेचायचे.

समजा, दोन बाजार समित्यांतील कांद्याचे दहा वर्षांचे रोजचे भाव आणले. त्यात एकाच व्यापाऱ्याचे नाव चार तऱ्हांनी लिहिलेले. कुठे क्विंटलचा भाव किलोचा म्हणून पडलेला. सुटीच्या दिवशीही आवक दाखवलेली. हे सारे आधी नीट करावे लागते. मग पाहायचे, की माल घेणारे खरोखर किती आणि त्यातले एकाच घरातले किती. दोन्हीकडे भाव एकाच दिवशी पडला, तर तो आवक वाढल्याने पडला की बोली थंड झाल्याने? आदल्या दिवशी पाऊस झाला होता का? निर्यात बंद झाली होती का? भाव सारखा आहे एवढ्यावरून संगनमत ठरत नाही. शेजारच्या दोन बाजारांत भाव सारखा असणे हे चांगल्या चढाओढीचेही लक्षण असते. निरपराधाला चोर म्हणायचे नाही आणि चोराला सोडायचे नाही, ही या कामातली खरी कसोटी आहे.

याशिवाय न्यायालयाचे निकाल वाचणे, शेतकरी आणि व्यापारी यांना भेटून माहिती घेणे, संगणकावर हिशेबाचे प्रोग्राम लिहिणे आणि प्राध्यापकांनी काढलेला निष्कर्ष पुन्हा तपासणे, हेही सहायकाकडे असते.

आपल्या दारातले दाखले

२०१२ साली बंगळुरूच्या एका नामवंत संशोधन संस्थेने स्पर्धा आयोगासाठी महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कांदा बाजारांचा अभ्यास केला. मोजक्या बड्या व्यापाऱ्यांचे जाळे किती घट्ट आहे, हे त्यातून कागदावर आले. बाजारातल्या माणसाला हे ठाऊकच असते. पण कागदावर आल्याखेरीज सरकारदरबारी त्याला वजन येत नाही.

त्याच वर्षी आयोगाने बांधकाम व्यावसायिकांच्या तक्रारीवरून अकरा सिमेंट कंपन्यांना संगनमताबद्दल सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. भाव, उत्पादन आणि कंपन्यांच्या संघटनेच्या बैठका यांचा मेळ त्यात घातला होता. अपिलात प्रकरण पुन्हा आयोगाकडे आले, २०१६ साली पुन्हा दंड झाला, २०१८ साली अपील न्यायाधिकरणाने तो उचलून धरला आणि कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सांगायचा मुद्दा हा, की या कामात फळ लवकर हाती लागत नाही.

शिरायचे कसे?

अर्थशास्त्राची वाट धरणाऱ्याने बारावीपर्यंत गणित सोडू नये. पुढे संख्याशास्त्र आणि संगणकावर आकडे हाताळण्याची एखादी भाषा शिकावी. 'आर' आणि 'पायथॉन' या फुकट मिळतात. पुण्याची गोखले संस्था १९३० पासून शेती आणि अर्थकारणाचा अभ्यास करीत आली आहे. मुंबईत रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. कायद्याची वाट धरणाऱ्यांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. शिकत असताना स्पर्धा आयोगात इंटर्नशिप मिळते का, हेही पाहावे.

एम.ए.नंतर विद्यापीठे आणि संस्था यांत प्रकल्पापुरती संशोधन सहायकाची पदे निघतात. 'नेट' परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.चा खर्च अंगावर येत नाही. ही रक्कम २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली.

परदेशात पीएच.डी.आधी एक-दोन वर्षे प्राध्यापकांच्या हाताखाली काम करण्याच्या पगारी जागा असतात. येल विद्यापीठात २०१९ पासून मक्तेदारीविरोधी धोरणाच्या अभ्यासाचा एक खास प्रकल्प आहे. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात याच विषयाचे केंद्र आहे. अर्जाबरोबर गुणपत्रके आणि शिक्षकांची शिफारसपत्रे लागतात, आणि बहुधा आकड्यांची एक परीक्षा घरी सोडवून पाठवावी लागते. जागा थोड्या आणि अर्ज फार. व्हिसाला विद्यापीठ मदत करते का, हे आधी विचारावे. अशी नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. अर्ज थेट विद्यापीठाकडे करायचा असतो.

जमा-खर्च मांडूनच ठरवा

मुलाला किंवा मुलीला या वाटेने पाठवण्याआधी घरात मोकळे बोलून घ्या. ही नोकरी कायमची नसते. प्रकल्प संपला की जागा संपते. त्या वयाचे सोबती बँकेत, पोलिसांत लागलेले असतात आणि आपले पोर अजून शिकतेच आहे, असे पाहुणे बोलतात. घरावर कर्ज असेल आणि महिन्याच्या पगारावर आशा असेल, तर आधी स्थिर नोकरी धरून मग या वाटेला येणे काही चुकीचे नाही. पुढे मात्र दारे बरीच आहेत. पीएच.डी. करून प्राध्यापकी, स्पर्धा आयोग, वकिली, सल्लागार कंपन्या. एक गोष्ट मुलांनी पहिल्या दिवसापासून पाहावी. बड्या कंपन्याही अशाच अभ्यासकांना पैसे देऊन आपल्या बाजूचे अहवाल लिहून घेतात. म्हणून आपल्या प्रकल्पाला पैसा कोण पुरवतो, हे विचारायला लाजू नये.

शेतकऱ्याच्या घरच्या मुलाजवळ एक भांडवल असते. आडत, हमाली, तोलाई, कडता म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. बोली थांबली की बापाचा चेहरा कसा होतो, हे त्याने पाहिलेले असते. त्याला जोड हवी ती गणिताची आणि चिकाटीची.

आणि तुमच्यासाठी एक काम. माल विकल्यावर मिळालेली हिशेबपट्टी फाडून टाकू नका. तारीख, वजन, भाव, व्यापाऱ्याचे नाव आणि कपात, सारे एका वहीत उतरून ठेवा. गावातल्या दहा घरांनी पाच वर्षे अशी वही ठेवली, तर तुमच्याच गावच्या एखाद्या मुलीला उद्या अभ्यासाला त्याहून चांगला माल कुठे मिळणार नाही. कॉलेजात शिकणारे कोणी घरात असेल, तर हे पान त्याच्या हाती द्या आणि त्याच्याशी बोला.