चामड्याचा वायसर

पालीच्या खंडोबाची यात्रा पौषात भरते. 1980 च्या दशकात आम्ही कराडशेजारच्या मलकापूरची पोरं भंडाऱ्यानं पिवळी होऊन थेट फुग्यांच्या फळीकडं पळायचो. तिथल्या छऱ्याच्या बंदुकीची माशी हमखास वाकलेली असायची. पहिले दोन छर्रे ती किती डावीकडं मारते हे बघण्यात जायचे, तिसऱ्याला फुगा फुटायचा.

पुढं आण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, घरातच बंदूक आणली. मलकापूर तेव्हा ग्रामपंचायतीचं गाव होतं, परड्यात मोकळी जागा भरपूर. मातीनं भरलेलं पोतं भिंतीला टेकवायचं, त्याच्यापुढं काडेपेटी. जिवावर नेम धरायचा नाही, हा आण्णांचा पहिला नियम. पाखरं मारायला 1972 च्या कायद्यानं बंदी होतीच, पण आण्णांच्या घरात ती कायद्याच्याही आधीपासून होती.

नळी खाली मोडताना हाताला भार चढत जायचा आणि शेवटी ‘खट्’. आतली स्प्रिंग दबून अडकली. मग डमरूच्या आकाराचा शिशाचा छर्रा अंगठ्यानं बसवायचा, काठ आत गेलाय का ते नखानं चाचपायचं, नळी सरळ करायची. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढं झेपावतो, पुढची हवा दाबली जाते आणि छर्रा निघतो. पण तो नळीबाहेर पडायच्या आतच बंदूक हिसका देते, आधी मागं, मग पुढं. म्हणून आवळून धरली की नेम गेलाच. डाव्या तळव्यावर ती नुसती ठेवायची, तान्ह्या लेकराचं डोकं पेलावं तशी. हे समजायला मला एक अख्खी उन्हाळी सुट्टी लागली, आणि त्या सुट्टीइतकं सुख मला पुढं क्वचितच मिळालं.

दट्ट्याच्या तोंडाला चामड्याचा वायसर असायचा. तो सुकला की बंदुकीचा दम जायचा. आमचा वायसर कराडात चपला शिवणाऱ्या एका कारागिरानं करून दिला होता. चामडं भिजवून त्यानं लाकडी ठोकळ्यावर वाटीसारखं बसवलं, कडा रापीनं तासल्या, मग रात्रभर तेलात ठेवलं. नव्या वायसरचे पहिले चार-पाच बार नळीतून निळसर धूर सोडत. हवा दाबून तापते आणि तेल जळतं, हे आण्णांनी तेव्हाच सांगितलं होतं.

2000 साली सिडनीत अंजली भागवत 10 मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या, तेव्हा आण्णांनी पेपरातला फोटो कापून ठेवला. त्या स्पर्धेत लक्ष्यावरचा मधला, दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा. स्पर्धांमधून तोवर स्प्रिंगची बंदूक जाऊन दाबलेल्या हवेच्या, हिसका न देणाऱ्या रायफली आल्या होत्या. नेमबाजांचं त्यात भलंच झालं. मला मात्र जिच्यात प्रत्येक बाराचा जोर आपल्याच दंडातून भरावा लागतो, तीच बंदूक प्यारी.

2016 च्या शस्त्र नियमांनुसारही 4.5 मिलिमीटर नळीची, 20 जूलपर्यंत ताकदीची बंदूक परवान्याविना ठेवता येते. आण्णांची अजून माळ्यावर आहे. गेल्या दिवाळीत पुतणीला घेऊन ती खाली काढली. वायसर सुकला होता. नळीत तेलाचे चार थेंब सोडले, बंदूक रात्रभर उभी ठेवली. सकाळी पुतणीनं पहिला बार काढला. काडेपेटी जागची हलली नाही, पण परड्यात तोच जळक्या तेलाचा वास पसरला.