पऱ्हाटीचे मोल

वऱ्हाडात कापूस घरी आला की शेतात उरते ती पऱ्हाटी. ती उपटून धुऱ्यावर रचावी आणि एक दिवस काडी लावून मोकळे व्हावे, असा पुष्कळ ठिकाणचा परिपाठ आहे. अशा रीतीने काय जळून जाते, त्याचा हिशेब शेतकरी बंधूंनी एकदा मांडून पाहावा.

एकरी सुमारे एक टन पऱ्हाटी निघते. ती नीट वाळलेली असेल, तर तिच्यातील उष्णता तेवढ्याच वजनाच्या देशी कोळशाच्या आसपास भरते. राख मात्र पुष्कळच कमी पडते. पूर्वी हे जळण चुलीत जात असे. आता अकोल्याच्या जठारपेठेत स्वयंपाक गॅसवर होतो आणि खेड्यांतही सिलिंडर पोहोचला आहे. तेव्हा पऱ्हाटीला नवे गिऱ्हाईक शोधावयाचे, तर ते बॉयलरपाशीच सापडेल.

अकोल्याच्या पश्चिमेस पारस येथे महानिर्मितीचे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथील २५० मेगावॅटचे दोन्ही संच पूर्ण भाराने चोवीस तास चालले, तर १ कोटी २० लक्ष युनिट वीज होईल. युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला आठ हजार टनांहून अधिक कोळसा लागेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक केंद्रांनी कोळशाबरोबर पिकांच्या अवशेषांच्या कांड्या जाळाव्यात असे धोरण आखले. आरंभीचे प्रमाण शेकडा ५ होते. पुढे त्यात फेरबदल झाले. शेकडा ५ धरले, तरी एकट्या पारससारख्या केंद्राला रोज चारशे एकरांची पऱ्हाटी पुरवावी लागेल. एका एकराच्या पऱ्हाटीतून हजारावर युनिट वीज निघू शकते. तेवढ्यावर ५ अश्वशक्तीचा पंप दोनशेहून अधिक तास चालेल.

मग हा व्यवहार सर्वत्र का होत नाही? अडचण वाहतुकीची आहे. अखंड पऱ्हाटी फार फुगीर. ट्रॉली भरते, पण वजन भरत नाही, आणि भाडे तर पूर्ण द्यावे लागते. ओली पऱ्हाटी नेणे म्हणजे पाण्याचे भाडे भरणे होय. म्हणून शेतावरच तुकडे करून व वाळवून माल हलविला, तरच काही पदरात पडते. पऱ्हाटीच्या विटा व कांड्या करण्याच्या तंत्रावर केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूर येथील केंद्रात काम झालेले आहे.

विक्रीच्या आशेने पऱ्हाटी उन्हाळाभर रचून ठेवणे मात्र घातक आहे. उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते व पुढील हंगामात पिकावर उतरते. फरदड घेण्याचा मोहही याच कारणाने टाळावा.

जेथे गिऱ्हाईक दूर आहे, तेथे यंत्राने बारीक करून पऱ्हाटी जमिनीत गाडणे किंवा तिचे कंपोस्ट करणे अधिक किफायतीचे ठरेल. हलक्या जमिनीच्या मालकाने तर विक्रीचा विचार दुसऱ्या क्रमांकावरच ठेवावा, असे आमचे मत आहे.

विकावयाचेच असेल, तर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेवटच्या वेचणीपूर्वी चार-पाच गावांचा माल एकत्र मोजावा, तुकडे करणारे यंत्र भाड्याने ठरवावे आणि क्विंटलचा दर किती ओलाव्यास लागू आहे व वाहतूक कोणाकडे, हे खरेदीदाराकडून लेखी घ्यावे.