ऑपरेशन सहा तासांचे, बरे होणे तीन महिन्यांचे

"तुमचा अनुभव लिहून द्या," असा संपादकांचा आग्रह झाला, तेव्हा आम्ही उभयतांनी आधी नाहीच म्हटले. पण गेल्या वर्षभरात मंडळातल्या दोन कुटुंबांनी मुलाच्या ऑपरेशनपूर्वी आम्हांला फोन केला. सर्जन कसे निवडलेत, किती तास लागले, इन्शुरन्सने किती दिले, असे सगळे प्रश्न ऑपरेशनबद्दलच होते. नंतरच्या दिवसांबद्दल कोणी काही विचारले नाही. आमची परीक्षा झाली ती त्या दिवसांत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या चिरंजीवांना जन्मतःच ट्रायकस्पिड अट्रेशिया होता. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप यात तयारच झालेली नसते. शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळते, ओठ नि नखे निळसर दिसतात आणि सगळा भार एकाच कप्प्यावर पडतो. तान्हेपणी दोन ऑपरेशने झाली होती. तिसरे, फोंताँ ऑपरेशन, ४ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. तेव्हा तो चार वर्षांचा होता.

फ्रान्समधल्या बोर्दो शहरात डॉ. फ्रान्सिस फोंताँ यांनी १९६८ साली हे ऑपरेशन प्रथम केले. १९७१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि पुढे त्यात अनेक सुधारणा झाल्या. शरीराच्या खालच्या भागातून येणारे अशुद्ध रक्त हृदयाच्या पंपाशिवाय, थेट फुप्फुसांकडे वळवायचे, ही त्यामागची कल्पना. याने रंग सुधारतो, पण हृदय इतरांसारखे होत नाही. शिरांमधला दाब वाढतो आणि फुप्फुसांभोवती पाणी साठू लागते. ते काढायला छातीत नळ्या ठेवतात. "नळ्या निघाल्या की घरी, दोन आठवडे धरून चाला," असे डॉक्टरांनी सांगितले होते.

पहिले सहा दिवस सगळे ठीक चालले होते. जेवण सुरू झाले आणि सातव्या दिवशी नळीतले पिवळसर पाणी दुधासारखे पांढरे झाले. प्रयोगशाळेने त्यात ट्रायग्लिसराइड जास्त असल्याचे कळवले. निदान झाले कायलोथोरॅक्स. आपण खाल्लेली चरबी आतड्यातून सरळ रक्तात जात नाही. ती लसिकेच्या बारीक नळ्यांतून छातीतल्या एका मोठ्या वाहिनीत येते आणि मग रक्तात मिसळते. हृदयाच्या ऑपरेशननंतर काही मुलांत ही वाहिनी किंवा तिच्या फांद्या पाझरू लागतात. पोटात चरबी जितकी जास्त, तितका पाझर जास्त. म्हणून उपाय एकच, चरबी बंद! तेवढ्याने थांबले नाही तर तोंडाने सगळेच बंद आणि पोषण शिरेतून. तरीही थांबले नाही, तर वाहिनी बांधण्यासाठी पुन्हा ऑपरेशन.

आमच्याकडे तेव्हा भारतातून आजी आल्या होत्या. वरणभातावर तूप नाही, पेल्यात साधे दूध नाही, हे त्यांना पटेना. "आजारी लेकराला तूप द्यायचं नाही, तर द्यायचं तरी काय?" असे त्या पुन्हा पुन्हा विचारत. आम्ही समजावून दमलो. शेवटी हॉस्पिटलने फोनवर मराठी दुभाषा दिला आणि डॉक्टरांनी त्यांना आपल्याच भाषेत सगळे सांगितले. आजींनी चार प्रश्न विचारले. त्या दिवसापासून डब्यावरचे लेबल आमच्याआधी त्या वाचून घेऊ लागल्या. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांवर १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे भाषेची मदत देण्याचे बंधन आहे. ती मोफत मिळते. ज्यांचे आईवडील इथे येतात त्यांनी ती निःसंकोच मागावी.

चरबीशिवायच्या जेवणानेही पाझर थांबला नाही. मग नऊ दिवस तोंडाने काही नाही. चार वर्षांच्या मुलाला पोषण शिरेतून मिळते आहे हे कसे समजणार? तो ताटलीतल्या चित्रांची नावे घेऊन रडे. दसरा हॉस्पिटलातच गेला. त्याच्यासमोर नको म्हणून आम्ही आळीपाळीने जिन्यात उभे राहून खात होतो. त्या नऊ दिवसांत आम्ही दोघे एकमेकांशी नळीतल्या मिलिलिटरशिवाय काही बोललो असू, असे आठवत नाही. आकडा हळूहळू उतरला. तेविसाव्या दिवशी नळ्या निघाल्या आणि २९ ऑक्टोबरला आम्ही घरी आलो.

त्याहून अवघड गोष्ट नळ्यांची नव्हती. एकदा पट्टी बदलताना त्याच्या बाबाला हात धरून ठेवायला सांगितले गेले. त्यानंतर अकरा दिवस तो बाबाकडे गेला नाही. बाबा खोलीत आला की भिंतीकडे तोंड फिरवी. हॉस्पिटलात मुलांना उपचारांसाठी तयार करणाऱ्या एक बाई असतात. त्यांना ‘चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट’ म्हणतात. त्या म्हणाल्या, "आईवडिलांनी मांडीवर घेऊन बसावे, पकडायचे काम आमच्या लोकांचे." पुढच्या वेळी तसेच केले. रडणे तेवढेच झाले, पण संपल्यावर त्याने तोंड बाबाच्याच शर्टात खुपसले.

दुसरी अडचण भाषेची. बालवाडीत इंग्रजी बोलणारा मुलगा दुखू लागल्यावर फक्त मराठी बोलू लागला. नर्स विचारी, तो "बाऊ, बाऊ" म्हणे, आणि आम्ही खोलीत नसलो तर कोणाला काही कळत नसे. मग त्याच्या सात वर्षांच्या ताईने एक तक्ता केला: बाऊ, शू, शी, पाणी, नको, आई हवी. इंग्रजी अक्षरांत उच्चार आणि पुढे अर्थ. तो पलंगावर चिकटवला. दुखणे मोजायला तिथे सहा चेहऱ्यांचे चित्र असते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. सुईच्या भीतीने आमचा मुलगा नेहमी हसऱ्यावर बोट ठेवी. "औषध नळीतून जाईल, सुई नाही," असे त्याला मराठीत सांगितल्यावर बोट खऱ्या चेहऱ्यावर गेले.

घरी आल्यावर सारे संपले, असे लोकांना वाटते. चरबी आणखी सहा आठवडे बंद होती. छातीचे हाड सांधेपर्यंत काखेत हात घालून उचलायचे नाही. एक हात खांद्यामागे, एक बुडाखाली. रात्री तो दचकून उठे, अंथरूण पुन्हा ओले होऊ लागले, निळ्या कपड्यातला टपालवाला दिसला तरी किंचाळे. डॉक्टरांनी सांगितले की एवढ्या मोठ्या आजारानंतर मुले अशी मागे जातात. रागावू नका, रोजचा दिनक्रम सोडू नका. जानेवारीत तो पुन्हा रात्रभर झोपू लागला.

स्वयंपाकघरात काय चालले ते लिहितो, कारण ही माहिती आम्हांला कुठे एकत्र मिळाली नाही. चमचाभर तुपात सुमारे ५ ग्रॅम चरबी असते, कपभर पूर्ण दुधात ८ आणि मूठभर शेंगदाण्यांत १४. आमच्या आहारतज्ज्ञांनी दिवसाला १० ग्रॅमच्या आत राहायला सांगितले होते. मग स्निग्धांशविरहित दुधाचे दही, दहीपोहे, मुगाचे कढण, तेलाशिवाय फुलके, उकडलेल्या अंड्याचा फक्त पांढरा भाग आणि फोडणीऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड. पाझरात प्रथिने जातात, म्हणून दही नि अंडे रोज. एमसीटी तेल लसिकेऐवजी बहुतांशी थेट यकृताकडे जाते, म्हणून ते चालते, पण डॉक्टरांच्या मापानेच. खोबरेल तेल म्हणजे एमसीटी तेल नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. चकली, शंकरपाळी सगळे तळलेले! मंडळातल्या एका मावशींनी कोरड्या चुरमुऱ्यांचा चिवडा आणि बत्तासे असा खास डबा दारात ठेवला. गर्दी टाळायची होती म्हणून त्या आत आल्या नाहीत.

असा प्रसंग कोणावर आला तर दोन गोष्टी लवकर कराव्यात. नोकरीत १९९३ च्या कौटुंबिक व वैद्यकीय रजेच्या कायद्याची चौकशी करावी. पन्नास किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत, वर्षभर पुरेसे तास काम केलेल्याला १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते आणि नोकरी टिकते. नागरिकत्वाची अट नाही आणि गरजेप्रमाणे ती तुकड्यांतही घेता येते. आम्ही दोघांनी ती वाटून घेतली. हॉस्पिटल लांब असेल तर समाजसेविकेकडे राहण्याच्या सोयीची विचारणा करावी. रोनाल्ड मॅक्डोनल्ड हाउस १९७४ साली फिलाडेल्फियात सुरू झाले आणि आता अनेक शहरांत आहे. आजी आणि ताई तिथे राहिल्या म्हणून आम्ही तग धरला.

आणि मंडळाच्या सभासदांना एक विनंती. ऑपरेशनच्या दिवशी पन्नास फोन येतात. तिसऱ्या आठवड्यात एकही येत नाही. तेव्हा फोन करा. "काही लागलं तर सांगा," असे म्हणण्यापेक्षा "गुरुवारी ताईला शाळेतून मी आणते," असे म्हणा. डबा नेण्याआधी काय चालते ते विचारा. तूप घालण्याची माया आपल्याकडे फार आहे. तूप न घालण्याचीही माया असते.