गाठीचं नाव कळल्यावर

सूक्ष्मदर्शकाखाली गाठींचे तुकडे बघणं हे माझं काम. जठराच्या भिंतीतली लांबट पेशींची गाठ आली की मी सीडी ११७ हा रंग लावायला सांगते. पेशी तपकिरी झाल्या की ती बहुधा ‘जिस्ट’. तिच्यातलं ‘किट’ प्रथिन बिघडून पेशींना सतत वाढायला लावतं, हे जपानच्या हिरोता यांनी १९९८ मध्ये दाखवलं. नेहमीची केमोथेरपी इथे जवळजवळ निरुपयोगी. मग २००० साली हेलसिंकीत एका बाईंना रक्ताच्या कर्करोगासाठी तयार झालेलं इमॅटिनिब दिलं. यकृतात पसरलेल्या गाठी काही आठवड्यांत आक्रसल्या!

ही गोळी किटला गप्प करते, आजार मुळापासून उपटत नाही. पसरलेल्या आजारात ती बंद केली की गाठी बहुधा पुन्हा वाढतात. आणि ती पोटाच्या प्रत्येक कर्करोगाची नव्हे, हे नातेवाइकांना पटवणं अवघड. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात औषधच वेगळं: तिथे सेटुक्सिमॅब देण्याआधी रास जनुक तपासतात. त्यात बदल असेल तर ते महागडं औषध वाया जातं.

इमॅटिनिब मात्र तितकं महाग राहिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ग्लिवेकचं, म्हणजे नाममुद्रेच्या इमॅटिनिबचं, पेटंट नाकारलं, म्हणून देशी कंपन्यांची स्वस्त गोळी मिळत राहिली.

रिपोर्टबरोबर गाठीचा पॅराफिन ब्लॉकही मागून घ्या, उन्हापासून जपा. जनुकांची तपासणी बहुतेक वेळा त्यावरच होते.