इंजिन बंद करून ऐका

“मेस्त्रीनू, ह्यो बोलता खरो, पण गाडी चालू केली की नुसतो किरकिरता.”

२०११ च्या गणपतीत लालबागहून आलेले एक गृहस्थ माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून सांगत होते. मागे रस्त्याच्या कडेला त्यांची १९७७ ची प्रीमियर पद्मिनी उभी होती, वडिलांनी घेतलेली. डॅशबोर्डात फिलिप्सचा रेडिओ, गाडीबरोबरच बसवून घेतलेला. दोन्ही बाजूंना एकेक बटण, मधे काचेची पट्टी आणि तिच्यामागे तांबूस काटा. मुंबईत दोन ठिकाणी त्यांना सांगितलं गेलं होतं की हा काढून टाका, नवा बसवा. त्यांच्या आईला मात्र हाच हवा होता.

मी पान्याला हात लावला नाही. गाडीत जाऊन बसलो आणि इंजिन बंद ठेवून रेडिओ लावला. रत्नागिरी केंद्र, ११४३ किलोहर्ट्झ. बारीक आवाजात, पण स्वच्छ. मग त्यांना म्हटलं, आता गाडी चालू करा. लगेच तडतड सुरू झाली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तडतडीचा वेग वाढे, सोडला की कमी होई. रेडिओ उघडायची गरज नाही हे मला तेव्हाच कळलं.

गाडीच्या रेडिओचा आजार निम्म्याहून अधिक वेळा रेडिओत नसतो. तो असतो एरियलमध्ये, अर्थिंगमध्ये, इंजिनाच्या वायरिंगमध्ये. घरचा रेडिओ टेबलावर शांत बसतो. गाडीतल्या रेडिओच्या शेजारी, हातभर अंतरावर, दर मिनिटाला हजारो ठिणग्या पडत असतात. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं प्रक्षेपण केंद्रच. म्हणून आधी किरकिरीची जात ओळखायची. इंजिनाच्या गतीबरोबर वाढणारी तुटक तडतड असेल, तर ती स्पार्क प्लग आणि डिस्ट्रिब्युटरची. गतीबरोबर चढत जाणारी बारीक शिट्टी डायनॅमोची. खड्ड्यात चाक गेलं की खर्रकन होत असेल, तर कुठेतरी अर्थ सुटलेला आहे. आणि इंजिन बंद असतानाही भुडभुड होत असेल, तरच दोष रेडिओच्या पोटात शोधायचा.

दुसरी परीक्षा याहून सोपी आहे. इंजिन चालू ठेवून रेडिओच्या मागची एरियलची पिन उपसायची. किरकिर थांबली तर ती एरियलच्या वाटेने येत होती. तशीच राहिली तर बॅटरीच्या तारेतून येते आहे. त्या दिवशी पिन काढताच रेडिओ गप्प झाला. मी बॉनेट उघडून डाव्या मडगार्डवरच्या एरियलचं बूड सोडवलं. वॉशरखाली हिरवा-पांढरा भुगा साचला होता.

हा भुगा आमच्या भागाची खूण आहे. माझं दुकान खारेपाटणला, त्या नावातच खार आहे. विजयदुर्गच्या खाडीतून भरतीचं पाणी इथपर्यंत चढतं. एके काळी त्याच पाण्यावरून गलबतं इथे मालाला येत. पावसाळ्यात शुकनदी फुगली की पाणी बाजारपेठेत शिरतं, आणि दुकानदार माल उचलून वरच्या फळीवर ठेवतात. इतिहासात खारेपाटणचं नाव आहे ते शिलाहारांच्या रट्टराजाच्या ताम्रपटामुळे, इसवी सन १००८ चा तो. त्या तांब्यावरची अक्षरं आजही वाचता येतात. माझ्या बाकावर येणारं तांबं चार पावसाळ्यांत हिरवं पडतं. मुंबईच्या गाड्याही समुद्राकाठच्याच, त्यामुळे तिकडून येणाऱ्या गाडीत काही वेगळं निघत नाही.

एरियलच्या बुडाला गाडीच्या पत्र्याचा नागडा स्पर्श हवा. मधे रंग किंवा गंज आला की केबलवरच्या जाळीला अर्थ मिळत नाही, आणि मग ठिणग्यांचा कचरा थांबवणारं कवचच उरत नाही. मी मडगार्डच्या आतल्या बाजूने भोकाभोवतीचा रंग खरवडला, नवा दातेरी वॉशर घातला आणि वरून ग्रीस लावलं. मीटरची एक तार एरियलच्या टोकाला आणि दुसरी पिनच्या मधल्या खिळीला लावली, तिथे शून्य हवं. मधली खिळी आणि बाहेरची कडी यांच्यात मात्र काहीच वाहता कामा नये. तिथे जराशी जरी गळती दिसली, तरी केबलमध्ये पाणी गेलं असं समजायचं.

केबलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे चांगले चांगले कारागीर चुकतात. मूळ केबल कुजली की तिच्या जागी टीव्हीची केबल घालतात. दिसायला तीही तशीच, पण स्टेशनं मरून जातात. कारण असं: रत्नागिरी केंद्राच्या लहरीची लांबी सुमारे २६२ मीटर आणि एरियल जेमतेम एक मीटर. इतका आखूड एरियल एखाद्या अगदी लहान कंडेन्सरसारखा वागतो, दहा-पंधरा पिकोफॅरडच्या. केबलसुद्धा कंडेन्सरच असते, आणि एरियलने पकडलेलं थोडंसं बळ तीच पिऊन टाकते. टीव्हीची केबल मीटरला साठ-सत्तर पिकोफॅरड खाते. गाडीच्या एरियलची केबल खास बनवलेली असते. आत केसासारखी बारीक, नागमोडी तार, तिच्याभोवती मोकळी हवा. ती साधारण निम्मंच खाते. म्हणून जुनी केबल फेकू नका, टोकं कापून पुन्हा जोडता येते का ते आधी पाहा.

एरियल किंवा केबल बदलली, तर रेडिओवर एरियलच्या भोकाजवळचा छोटा स्क्रू, म्हणजे ट्रिमर, पुन्हा जुळवावा लागतो. एरियल पूर्ण वर ओढायचा, काटा डायलच्या चौदाशेच्या आसपास एखाद्या अशक्त स्टेशनवर ठेवायचा आणि आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत स्क्रू हलकेच फिरवायचा. दोन मिनिटांचं काम, पण ते न केल्यामुळे ‘दम गेला’ म्हणून काढून टाकलेले कितीतरी रेडिओ मी पाहिले आहेत.

पद्मिनीची तडतड एरियल बसवल्यावर तीन हिश्शांनी कमी झाली. उरलेल्यासाठी इग्निशन कॉइलवर एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला. तो लावायचा स्विचकडून तार येते त्या टोकाला. पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला लावला तर ठिणगीच मरते आणि गाडी धड चालत नाही. डायनॅमोलाही तसाच कंडेन्सर लागतो. तो जाड तारेच्या टोकाला लावायचा, फील्डच्या टोकाला कधीच नाही.

हे सगळं मी मुंबईत लॅमिंग्टन रोडजवळच्या एका दुकानात उमेदवारी करताना शिकलो. तिथे व्हॉल्व्हचे गाडी-रेडिओ अजून येत. गाडीत रेडिओ बसवायचं वेड अमेरिकेत १९३० साली गॅल्विन बंधूंनी धंद्यात उतरवलं, आणि मोटर या शब्दावरूनच त्यांनी आपल्या मालाला मोटोरोला नाव दिलं. अडचण अशी होती की व्हॉल्व्हला दोनशेच्या आसपास व्होल्ट लागत, आणि गाडीच्या बॅटरीत असत सहा किंवा बारा. म्हणून रेडिओत व्हायब्रेटर नावाचं डबडं असे. त्यातली पोलादी पाती सेकंदाला शंभरेक वेळा थरथरून बॅटरीचा प्रवाह तोडायची आणि जोडायची, मग ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज चढवायचा. रेडिओ लावला की आधी माशी घोंघावल्यासारखा आवाज यायचा आणि व्हॉल्व्ह तापल्यावर गाणं. त्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरशेजारचा बफर कंडेन्सर न बदलता रेडिओ चालू करायचा नाही, हा त्या दुकानातला पहिला नियम होता. तो शॉर्ट झालेला असला तर व्हायब्रेटर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जातात.

दुसरा नियम मी नुकसान करून शिकलो. जुन्या विलायती गाड्यांत बॅटरीचं धन टोक पत्र्याला जोडलेलं असे, फियाटमध्ये ऋण. एका हिलमनचा रेडिओ बाकावर तपासताना मी तारा सवयीने जोडल्या. एका क्षणात आउटपुटचा जर्मेनियम ट्रान्झिस्टर जळाला. गिऱ्हाईक दोन महिने थांबलं तेव्हा तसला दुसरा मिळाला. आता कोणताही रेडिओ आला की आधी त्याच्या पाठीवरची खूण वाचतो, मग गाडीची बॅटरी डोळ्यांनी पाहतो. स्पीकर जोडल्याशिवाय आवाज मोठा करत नाही, तेही तेव्हापासूनच.

पोटातले आजार मोजकेच. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळतात, मग भुडभुड होते किंवा आवाज पोकळ येतो. व्हॉल्यूमचं बटण खरखरतं. थरथरीने डाग सुटतात. पण एक आजार असा आहे की तो पहिल्यांदा समजला तेव्हा मी रात्रभर जागा होतो.

१९६६ च्या एका फियाट अकराशेचा रेडिओ आला होता. कधी बोलायचा, कधी आठ-आठ दिवस मुका. बाकावर घेतला, टकटक केलं, की बोलू लागे. आत एएफ ११७ जातीचे ट्रान्झिस्टर होते, साठच्या दशकात रेडिओंत सर्रास वापरले जाणारे. त्यांना तीनऐवजी चार पाय असतात, आणि चौथा पाय वरच्या धातूच्या टोपीचा, अर्थला जोडलेला. या टोपीला आतून कथलाचा मुलामा असतो. वर्षं गेली की त्या कथलातून केसाहून बारीक तंतू आपोआप उगवतात. बीजातून कोंब यावा तसे ते वाढत जातात आणि कधीतरी आतल्या तारेला टेकतात. टेकले की ट्रान्झिस्टर अर्थला शॉर्ट. टकटकीने तंतू हलतो आणि रेडिओ बोलतो. इलाज असा की चौथा पाय कापून टाकायचा. तंतू टेकला तरी टोपी आता अर्थला जोडलेली नाही, त्यामुळे बहुतेक वेळा रेडिओ चालू राहतो. मी तो पाय कापला आणि रेडिओ लगेच बोलला. पुढे वाचनात आलं की १९९८ मध्ये अमेरिकेचा गॅलॅक्सी ४ हा उपग्रह असल्याच कथलाच्या तंतूंमुळे निकामी झाला, आणि तिकडचे बहुतेक पेजर मुके झाले. आकाशातला उपग्रह आणि माझ्या बाकावरचा रेडिओ, आजार एकच.

ट्रान्झिस्टर बदलायची वेळ आली तर जुनेच शोधावेत. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळूरला बनवलेले एसी १२८ आजही जुन्या साठ्यांत मिळतात. सिलिकॉनचा लावला तर बायस पुन्हा जुळवावं लागतं, नाहीतर आवाज फाटतो.

आता लोक विचारतात, काका, एवढा खटाटोप कशाला, ऐकायला स्टेशन तरी कुठे उरलंय? प्रश्न खरा आहे. गेल्या काही वर्षांत प्रसार भारतीने देशातले अनेक मध्यमलहरी प्रक्षेपक बंद केले. एफएम आमच्या डोंगरांत एका वळणावर लागतं आणि दुसऱ्यावर जातं. मध्यमलहर जमिनीला धरून चालते, म्हणून ती घाटाच्या आडही यायची. फोनचं गाणं जुन्या रेडिओतून ऐकायचं असेल तर मी व्हॉल्यूम कंट्रोलपाशी दोन कंडेन्सरमधून एक तार आत नेतो. पत्र्याला नवं भोक पाडत नाही, डॅशबोर्ड कापत नाही, आणि तार काढली की रेडिओ होता तसा. कापलेला डॅशबोर्ड पुन्हा कधी जुळत नाही. याबाबत मी गिऱ्हाइकाशी वाद घालतो, आणि काम परतही पाठवलं आहे.

पद्मिनीवाल्यांनी त्या संध्याकाळी गाडी पुलापलीकडे उभी केली. आईही बरोबर आल्या होत्या, मागच्या सीटवर बसल्या. सूर्य मावळला की आकाशातला लहरी गिळणारा थर विरळ होतो आणि लांबची स्टेशनं परतून येतात. मी काटा हलकेच सरकवला. १२८७ वर पणजी आलं, ५५८ वर मुंबई. मी त्यांना इंजिन चालू करायला सांगितलं. त्यांनी किल्ली फिरवली. डायलचा दिवा जरासा मंद झाला आणि पुन्हा उजळला.

मागून आई म्हणाल्या, “आवाज थोडो वाढव रे.”